जिथून राघू खरा दिसतो

१९ ऑगस्ट २०२४, सोमवार

श्रावणातला तिसरा सोमवार. सकाळी इष्टलिंगाची पूजा केली, विभूती लावली आणि अमरसिंहांकडे गेलो. काम मिळालं.

आण्णासाहेब वारल्यापासून राघू छाप लिमलेट गोळीचा कारखाना त्यांचा हा मुलगाच बघतो. इथं धाराशिवात त्यांची कोपऱ्यावरची इमारत आहे, तिच्या दोन भिंतींवर मिळून एक मोठी स्क्रीन बसवली आहे, कोपऱ्यात वळणारी. तिच्यावर राघू असा दाखवायचा की तो स्क्रीन सोडून बाहेर आलाय आणि चोचीतली गोळी आपल्या हातात टाकतोय असं वाटावं. तशी जाहिरात अमरसिंहांनी मोबाइलवर कुठल्यातरी परदेशातली पाहिली. दसऱ्याला उद्घाटन.

हाच राघू तीस वर्षांपूर्वी मी भिंतींवर काढत होतो. सास्तूरपासून ढोकीपर्यंत एकही बरी भिंत सोडली नाही. गावी अणदूरला आमच्याच गल्लीत काढला तेव्हा वडील दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. पुढे फ्लेक्स आले, ब्रश सुटला. मग संगणकावर फ्लेक्स करायला शिकलो. आता नीरजा पुण्याहून अॅनिमेशन शिकून आली आहे, तिच्या हाताखाली हे शिकतो. पोटच्या मुलीपुढे विद्यार्थी होऊन बसायची लाज वाटत नाही. थोडी वाटते.

बायकोला, विमलला, सांगितलं तर म्हणाली, "भिंतीवरचा राघू बरा होता. गप एका जागी बसायचा."

२४ ऑगस्ट

नीरजाने आज पुठ्ठ्याचा कोपरा करून समजावलं. स्क्रीन सपाटच असते, बाहेर काही येत नाही. चित्राला एक खोटी चौकट काढायची. राघूचा पंख त्या चौकटीवरून पुढे आणायचा आणि पंखाची सावली चौकटीवर पाडायची. मग डोळा फसतो. पण सगळं चित्र एकाच जागेवरून मोजून वाकवलेलं असतं. त्या जागी उभं राहिलं तर राघू खरा. दोन पावलं सरकलं की चोच लांब आणि पंख चपटा.

"सगळ्यांना सगळीकडून खरं दिसेल असं करता येत नाही का?" मी विचारलं.

"नाही, बाबा. जागा एकच धरायची."

मला हे लगेच उमगलं. उंच भिंतीवर लिहिताना वरची अक्षरं आम्ही मोठी काढायचो, म्हणजे खालून सारखी दिसत. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "मग तुम्हाला शिकवायचं काय राहिलं?" आज मन हलकं आहे.

२८ ऑगस्ट

जागा सापडली. सकाळपासून दोरी आणि मोबाइल घेऊन कोपऱ्यावर फिरत होतो. इमारतीपुढच्या मोकळ्या जागेत एक ठिकाण असं आहे की तिथून दोन भिंतींचा सांधा दिसतच नाही, एकच भिंत वाटते. आणि नेमक्या तिथंच सारजाबाई बसतात.

सारजाबाई शेंगा विकतात, दिवस असतील तेव्हा सीताफळं. सोळा वर्षं त्या इथं आहेत. नवरा गेला तेव्हा आण्णासाहेबांनीच सांगितलं होतं, इमारतीपुढं बस, तुला कोणी उठवणार नाही. पोतं, तराजू, वर एक छत्री, एवढंच दुकान. येता-जाता माझी त्यांच्याशी ओळख आहे. मला पेंटर म्हणतात.

मी म्हणालो, "सारजाबाई, जरा दोन हात सरकता का? माप घ्यायचंय."

"सरकते की. माघारी येऊ द्याल न्हवं?"

"दोन-चार दिवसांचं काम आहे."

"मग हात कशाला मोजता, पेंटर? चांगली चार हात सरकते." आणि पोतं ओढत खरंच सरकल्या.

खडूची खूण हातगाड्यांनी दुपारपर्यंत पुसली. म्हणून एक चपटा दगड आणला, त्याला शेंदरी ऑइल पेंट दिला आणि त्या जागी ठेवला. गोळीचा रंग स्क्रीनवर जुळवून बघायला डबा उघडलेलाच होता. लांबूनही दिसतो.

५ सप्टेंबर

आज पहिली चाचणी झाली. अमरसिंह येण्याआधी दगड तेवढ्यापुरता बाजूला ठेवला होता; ते त्या जागी उभे राहिले आणि राघू बाहेर आला. त्यांनी खरंच हात पुढे केला. मग हसले. "पेंटर, हा तर खांद्यावर बसतोय की." चाळीस मिनिटं ते तिथून हलले नाहीत. मला फार बरं वाटलं. एवढ्या वर्षांत माझ्या कामाकडे इतका वेळ कोणी बघितलं नव्हतं.

मग त्यांची नजर बाजूला गेली. "इथं लोक उभे राहणार, व्हिडिओ काढणार. ही बाई इथं मधीच कशाला?"

सारजाबाई म्हणाल्या, "थोरल्या मालकांनी बस म्हणलं व्हतं."

"आण्णा न्हाईत आता, मावशी. घटस्थापनेपर्यंत दुसरीकडं बघा. मी कुठं आजच ऊठ म्हणतोय?"

सारजाबाईंनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर चोळले, फुंकर मारली आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

परत येताना नीरजा म्हणाली, "बाबा, आपण जागा बदलू. विजेच्या खांबाजवळची धरू. परत मोजावं लागेल, परत सगळं काढावं लागेल, पण होईल."

मी म्हणालो वेळ नाही.

इथं खोटं लिहिण्यात अर्थ नाही. वेळेचं कारण अर्धंच होतं. खांबाजवळून सांधा दिसतो. बारीक रेघ दिसते, माझ्याशिवाय कोणाला कळणारही नाही. मला ती रेघ नको होती.

११ सप्टेंबर

गंमत झाली. तो चपटा दगड कोणीतरी उभा केला आहे. धुतलेला, खाली मातीची नीट बैठक. पुढे अर्धा नारळ आणि झेंडूची चार फुलं, सुतळीने बांधलेली. मी सारजाबाईंना विचारलं, हे कोणी केलं?

"मला काय ठावं. म्या आले तवा असंच व्हतं." आणि पोत्याचं तोंड बांधत बसल्या.

नीरजाला हसू आवरेना. मीही हसलो.

१५ सप्टेंबर

आता हसू येत नाही. एका काळीपिवळी जीपवाल्याने गाडी काढण्यापूर्वी दगडापुढे नारळ फोडला. शाळेत जाणाऱ्या मुली चप्पल काढून पाया पडतात. कोणी कुंकू लावलं आहे, कोणी तेल वाहिलं आहे. तेलाने माझा रंग जास्तच चमकतो.

आम्हा लिंगायतांत देव तळहातावर घेऊन पूजा करतात. लहानपणी दीक्षा देताना स्वामींनी सांगितलं होतं, हा तुझा, ह्याला जिवापलीकडे सांभाळ. अणदूरच्या खंडोबालाही मी लहानपणापासून जातो, तिथं भंडारा उधळला की डोळे भरून येतात. मी देवाच्या बाबतीत हिशेबी माणूस नाही. पण हा तर माझ्या डब्यातला रंग आहे. लोक माझ्या डब्यातल्या रंगाच्या पाया पडत आहेत.

सारजाबाई मात्र त्या दगडाच्या पाया पडताना मला एकदाही दिसल्या नाहीत. एवढी देवभोळी बाई, दर मंगळवारी उपास करणारी. नवल वाटलं.

१९ सप्टेंबर

अमरसिंह आले होते. बूट गाडीत काढून अनवाणी आले. हात जोडले, दगडापुढे वाकले, मग मला बाजूला घेतलं.

"पेंटर, हे कधी झालं?"

मी म्हणालो, "आठ दिवस झाले."

"आई म्हणती, उद्घाटनाच्या तोंडावर देव आपल्या दारात आला. आता देवाशेजारच्या बाईला उठवून अपशकुन कोण घेणार? बसू दे तिला."

सांगायचं ते माझ्या ओठांवर होतं. पण सारजाबाई समोरून माझ्याकडेच बघत होत्या, तराजू हातात तसाच. मी नुसती मान डोलावली.

घरी येऊन विमलला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "झालं की मग. देव राहिला, बाई राहिली. तुम्ही गप बसा."

२४ सप्टेंबर

दुसरी चाचणी. पन्नासएक माणसं जमली. सगळी दगडाच्या भोवती उभी, दगडाच्या जागेवर कोणीच नाही. देवावर कोण उभं राहणार? त्यामुळे कोणालाच राघू खरा दिसला नाही. कोणाला चोच लांब, कोणाला मान मोडलेली. एक जण म्हणाला, "राघूला लकवा मारलाय काय?" लोक हसले. अमरसिंह हसले नाहीत.

"असं का दिसतंय, पेंटर?"

"जागा दगडाखाली आहे."

"मग आता देवाला सांगू का, सरक म्हणून?"

नीरजाने रस्त्यातच परत तेच सांगितलं. खांबाजवळची जागा धरू, अजून दिवस आहेत.

मी नाही म्हणालो. तिला कारण दिलं की खोट्या देवाला वळसा घालून आपलं काम मांडायचं हे माझ्याच्याने होणार नाही. ते खरं आहे. आणि ती रेघ मला अजूनही नको आहे, हेही खरं आहे. दोन्हीतलं मोठं कारण कोणतं, हे पूजेला बसूनही मला ठरवता आलं नाही.

३ ऑक्टोबर, घटस्थापना

तुळजापूरला चालत जाणारे सकाळपासून रस्त्याने जात आहेत. एक म्हातारी थांबली. पायाला फोड आलेले, फडकी बांधलेली. ती दगडापुढे बसली, कपाळ टेकलं, मग माझ्याकडे वळून विचारलं, "कुठला देव हाय, दादा?"



सारजाबाईंनीच उत्तर दिलं. "वाटंवरला हाय, माय. जाणाऱ्या-येणाऱ्याला राखतो." आणि तिच्या पदरात दोन ओंजळी शेंगा घातल्या. म्हातारीने त्या कपाळाला लावल्या.

तुळजापूरची आई पुढे पंचवीस किलोमीटरवर बसली आहे आणि मी ह्या म्हातारीला वाटेत ऑइल पेंटपुढे वाकवलं. संध्याकाळी लिंग हातावर घेतलं, पण मन लागेना. पूजा अर्धी राहिली. असं लग्नानंतर एकदाच झालं होतं, वडील गेले तेव्हा.

६ ऑक्टोबर, रविवार

आज सांगून टाकलं.

रंगाचा डबा घेऊनच गेलो. दगडाजवळ सात-आठ माणसं होती. मी म्हणालो, हा देव नाही, ही माझी खूण आहे, हा बघा रंग. झाकण उघडून बोट बुडवून दाखवलं. कोणी रागावलं नाही. मला वाटलं होतं मारतील. एक म्हातारा म्हणाला, "रंग असंल, पर आमी पाया पडलो ते तर खरंच पडलो न्हवं?" दुसरा म्हणाला, "पेंटर सोता लिंग बांधणारा माणूस हाय, उगं बोलणार न्हाई." माणसं पांगली.

मी दगड उचलला, पिशवीत घातला.

सारजाबाई म्हणाल्या, "उचलला व्हय, पेंटर?"

"उचलला. माझ्या मनावर फार ओझं झालं होतं."

"आता हलकं वाटतंय का?"

"वाटतंय," मी म्हणालो. आणि खरंच वाटत होतं. दगड घेऊन शेताच्या रस्त्याला गेलो, एका पडक्या विहिरीत सोडला, हातपाय धुतले. घरी येऊन पूजेला बसलो तर मन लागलं.

दुपारी अमरसिंहांचा फोन आला. "आधी बोलायचं ना, पेंटर. आई पंधरा दिवस नैवेद्य पाठवत होती. बरं झालं, जागा मोकळी झाली. त्या मावशीलाबी उद्यापासनं दुसरीकडं बसायला सांगितलंय."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. महिनाभर मी त्या दगडाचा, माझा आणि देवाचा विचार केला. शेजारी कोण बसलंय ह्याचा विचार केला नाही.

विमलला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "खरं बोलायला जाण्याआधी त्या बाईला तरी विचारायचं."

१२ ऑक्टोबर, दसरा

उद्घाटन झालं. हलगी होती, फुलांची कमान होती. नीरजा सकाळपासून संगणकाशी बसलेली. सहा वाजता राघू बाहेर आला. जागेवर रांग लागली होती. एकेक जण उभा राहायचा, हात वर करायचा आणि आपसूक हसायचा. एका पोरीने गोळी झेलायला फ्रॉकचा घेर पसरला. शेवटी मीही उभा राहिलो. सांधा दिसत नव्हता. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून आयुष्यात झालं नाही.

अमरसिंहांनी शाल घातली. सोनं वाटलं. शाल घेऊन मी घरी आलो आणि ती घडीसकट खुंटीवर टाकली.

विमल म्हणाली, "एक विचारू? त्या दगडापुढच्या फुलांना सुतळी होती ना?"

"होती."

"सुतळीने फुलं कोण बांधतं हो? बाजारात दोरा मिळतो. सुतळी पोत्याला असते." ती म्हणाली, "तो देव सारजाबाईंनीच उभा केला."

"असं कसं? त्या तर कधी त्याच्या पाया पडल्या नाहीत."

"म्हणूनच तर सांगते."

मला अजून तसं वाटत नाही. इतकी वर्षं ओळखतो त्यांना. पण जेवण गेलं नाही.

२१ ऑक्टोबर

नीरजाला म्हणालो, खांबाजवळची जागा धरू. परत मोजू. तिने "आता?" असं विचारलं नाही, संगणक सुरू केला. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

२५ ऑक्टोबर

चार दिवसांत झालं. मी म्हणत होतो वेळ नाही.

रेघ दिसते. बघायचीच म्हटली तर दिसते.

अमरसिंहांना दाखवलं. आता माणसं खांबाजवळ उभी राहिली तरी चालतील, पहिली जागा सारजाबाईंना द्या, अशी विनंती केली. मला वाटलं होतं वाद घालावा लागेल, मनात सगळं जुळवून गेलो होतो. ते मोबाइलमध्ये बघत म्हणाले, "बसू दे की. मला काय? आण्णांचा शब्द मोडला म्हणून आई बी दोन दिवस बोलत नव्हती." एवढंच. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

२७ ऑक्टोबर, रविवार

बेंबळी रस्त्याला सारजाबाई सापडल्या. तिथं गाड्या जोरात जातात, थांबत कोणी नाही. एका बाभळीखाली बसल्या होत्या. पोतं तोंडापर्यंत भरलेलं, दिवस कलला तरी.

मी सगळं सांगितलं. जागा मोकळी करून घेतली आहे, अमरसिंह हो म्हणाले आहेत, उद्यापासून या.

त्यांनी मला बसायला पोत्याची घडी दिली. मग विचारलं, "दगुड कुठं टाकला?"

"विहिरीत सोडला."

"सोडला व्हय." त्या जरा हसल्या. "म्हंजी तुमाला बी टाकवला न्हाई."

मी म्हणालो, "माझं चुकलं, सारजाबाई. मला तेव्हा कळलं नाही."

"तुमी खरं बोलला, पेंटर. खरं बोलल्यालं चुकत न्हाई."

"मग याल ना?"

त्यांनी शेंगांतली माती वेगळी करायला घेतली. 

"थोरल्या मालकांनी बस म्हणलं, म्या बसले. मालक गेले. मग देवानं बस म्हणलं, म्या बसले. आता तुमी बस म्हणता. उद्या तुमचं पाखरू दुसरीकडं तोंड करंल, मग परत ऊठ म्हणाल. न्हाई, पेंटर. ह्या बाभळीला कुणाला इचारावं लागत न्हाई."

"इथं गिऱ्हाईक नाही."

"हुईल."

मी शेंगा मागितल्या. त्यांनी नीट तराजूत घालून दिल्या, मापाला मूठभर जास्त, नेहमी देतात तशा. एकदा तरी येऊन राघू बघा, असं म्हणावंसं वाटलं. पैसे दिले आणि उठलो.

१० नोव्हेंबर

दिवाळीत नोंदी केल्या नाहीत. नीरजाला सोलापुरात असंच एक काम आलं आहे, तिने मला बोलावलं आहे. जाईन बहुतेक.

आज संध्याकाळी कोपऱ्यावरून आलो. खांबाजवळ गर्दी होती, सगळे राघूकडे हात करून उभे. चार हात पलीकडची ती जागा रिकामी आहे. तिथून आता राघू वाकडा दिसतो म्हणून तिथं कोणी उभं राहत नाही, आणि बसायला कोणी येत नाही. गोळीचे कागद वाऱ्याने तिथं जमा होतात.

घराकडे यायला मला त्या जागेवरूनच सरळ यायला हवं. रस्ता तोच आहे. पण पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं आहे की मी तिथं आलो की वळसा घालतो. पाय पडू नये असं वाटतं. आज तर वळसा घालता घालता चप्पल काढायला वाकलो होतो.